चोक चेनवरून आलेल्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. नावाच्या जागी नुसतं ‘श्वानप्रेमी’ असल्यामुळे दादा म्हणू की ताई, कळत नाही.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: कुत्र्याने पट्टा ओढला की जागीच थांबायचं आणि पट्टा सैल पडल्यावरच पुढे निघायचं, हा माझ्या लेखातला सल्ला भटक्या कुत्र्यांमुळे तुमच्या गल्लीत जमत नाही, चोक चेनच्या, म्हणजे ओढली की गळ्याभोवती आवळणाऱ्या साखळीच्या, दोन हिसक्यांत तुमचा लॅब (लॅब्राडोर) सरळ आला, हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छातीभोवती बांधायचा पट्टा, तुमच्याकडे मिळत नाही, आणि ‘हे सगळं एसीत बसून सुचतं, कुत्रं पाळलंय का कधी?’

कुत्रं पाळलंय का! अहो, आमच्या घरात माझ्या जन्माआधीपासून कुत्री आहेत. वाडीवरचा मोती आजोबांच्या बैलगाडीखालून थेट बाजारापर्यंत चालत जायचा. त्याला पट्टा नव्हता. तुम्ही ते काढणारच, म्हणून आधीच सांगतो. पण पुढे पुण्यात आणलेल्या अल्सेशियनला वडिलांनी चोक चेनच घातली होती. समोर कुत्रं दिसलं की हिसका. ओढणं काही थांबलं नाही. दुसरं कुत्रं आलं की आपला गळा दुखतो, एवढं मात्र तो पक्कं शिकला आणि लांबूनच अंगावर धावायला लागला. हे मी एसीत बसून पाहिलेलं नाही. एसी आमच्याकडे अजूनही नाही.

ओढलं की हवं तिथे पोचता येतं, म्हणून कुत्रा ओढतो. आपण थांबलो की त्यातला फायदाच संपतो. लेखात हे होतं. तुम्ही बहुधा शीर्षकापाशीच थांबलात. पॉमेरेनियनसारख्या लहान कुत्र्यांची श्वासनलिका मुळात नाजूक असते. गळपट्ट्यावर ताण आला की डोळ्यांतला दाबही वाढतो. अमेरिकेतल्या प्राणिवर्तनाच्या पशुवैद्यांच्या संघटनेने २०२१ मध्ये शिक्षेऐवजी बक्षीस देऊनच शिकवा असं सांगितलं. वेल्समध्ये तर विजेचा झटका देणारे पट्टे २०१० पासून बंद आहेत. तेही सगळे एसीत बसतात म्हणा हवं तर.

छातीवर कडी असलेला हार्नेस ‘कुठल्याही दुकानात’ मिळतो असं मी लिहिलं होतं. तालुक्याच्या गावी तो मिळत नाही, हे तुमचं बरोबर. मान्य. भटक्या कुत्र्यांचं म्हणाल तर फिरायची वेळ बदला, रस्ता बदला. तो विषय निराळा आहे.

आणि हो, हिसका दिला की लॅब ‘थोडा खोकतो, पण ऐकतो’ असं तुम्हीच शेवटी लिहून गेलात. त्याला आधी डॉक्टरांकडे न्या. मला सावकाश सुनावा.