शिवण सुटली, रिकिबी ताठ, सॅडल जड: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार ताई,

तुमचा अभिप्राय दोनदा वाचला, फोटोही मोठा करून पाहिला. 9 वर्षांच्या मुलीसाठी तुम्ही आमच्याकडून 12 इंची सीटचं वेस्टर्न सॅडल घेतलंत. डाव्या रिकिबीच्या पट्ट्याची शिवण महिन्याभरात सुटली, अर्ध्या तासात मुलीचे गुडघे दुखतात, सॅडल तिला उचलत नाही आणि ‘मोठ्यांचंच सॅडल लहान करून दिलंय’, असं तुम्ही लिहिलंय.

आधी शिवणीचं. ते सॅडल आता घोड्यावर चढवू नका. फोटोत धागा तुटलेला नाही, निसटलेला आहे. त्याचं मेण लावलेलं टोक अख्खं दिसतंय. शेवटचे टाके उलटे मागे घेऊन मुरवायचे असतात, ते मी कमी घेतले. चूक माझ्या हातची आहे आणि मुलाच्या सॅडलमध्ये ती व्हायलाच नको होती. चढताना सगळा भार डाव्या रिकिबीवर येतो, म्हणून ती बाजू आधी सुटली. उजवी चांगली दिसत असली तरी तिच्यावरही माझा भरवसा नाही. दोन्ही बाजू उसवून, चामड्यात खाच पाडून, दोन सुयांनी हाताने पुन्हा शिवतो. या शिवणीत प्रत्येक भोकातून दोन्हीकडून धागा जातो, त्यामुळे एक धागा झिजला तरी दुसरा धरून ठेवतो. नेण्या-आणण्याचा खर्च आमचा.

गुडघ्यांचं दुखणंही आमच्याकडूनच आलं. फेंडरचं, म्हणजे रिकिबीच्या वरच्या, पायाला लागणाऱ्या रुंद पट्ट्याचं चामडं साधारण 5 मिलिमीटर जाड असतं. नवं असताना रिकीब घोड्याच्या पोटाला चिकटून सपाट लटकते आणि तिच्यात पाय घालायचा तर घोटा नि गुडघा पिळावा लागतो. मोठा माणूस ताकदीने ती वळवतो, लहान मुलाला ते कसं जमणार? फेंडर आतून कोमट पाण्याने ओले करायचे, रिकिबी बाहेर वळवायच्या, दोन्हींतून झाडूचा दांडा घालून सॅडल दोन दिवस स्टँडवर सावलीत ठेवायचं. चामडं तसंच वाळतं आणि वळण धरतं. हे काम आम्ही गिऱ्हाइकावर सोडत होतो. मुलांच्या सॅडलला यापुढे इथूनच वळण देऊन पाठवू. मऊ व्हावं म्हणून तुम्ही तीनदा तेल दिलंत, ते आता थांबवा. जास्त तेलाने चामडं ढिलं पडतं, पट्टे ताणतात.

वजन साधारण 9 किलो आहे. स्कर्टचे, म्हणजे सॅडलच्या खालच्या रुंद चामड्याचे कोपरे गोल कापून थोडं उतरवता येईल, तेवढं नक्की करतो. पण फेंडर आणि तंग (घोड्याच्या पोटाखालून जाणारा पट्टा) जिथे अडकतो ते पट्टे मी पातळ करणार नाही, तुम्ही नाराज झालात तरीही. मूल त्यांच्याच भरवशावर बसलेलं असतं. दुरुस्त होऊन परत आल्यावरही सॅडल चढवायला मोठ्या माणसाने हात द्यावा.

आता ‘लहान करून दिलंय’ याबद्दल. इथे मी तुमच्याशी सहमत नाही. मूल लहान असलं म्हणून घोड्याची पाठ लहान होत नाही. तुमची मुलगी पूर्ण वाढीच्या घोडीवर बसते, म्हणून सॅडलच्या ट्रीच्या, म्हणजे आतल्या सांगाड्याच्या खालच्या पट्ट्या त्या घोडीच्याच मापाच्या ठेवल्या. अरुंद केल्या असत्या तर मानेमागच्या उंचवट्याजवळ रुतल्या असत्या आणि पाठ दुखणारी घोडी लहान मुलाखाली शांत उभी राहत नाही. वर मात्र सगळं मुलीच्या मापाचं आहे: सीट, मांड्यांमधली रुंदी, फेंडरची लांबी. रिकीबही बुटापेक्षा साधारण इंचभरच रुंद आहे. मोठ्यांची रिकीब असती तर बूट आरपार जाऊन अडकला असता आणि पडलेलं मूल घोड्यामागे फरफटलं असतं. त्या भीतीनेच आम्ही मोठ्यांची रिकीब मुलांच्या सॅडलला कधीच लावत नाही.

सॅडल पाठवताना मुलीचे रोजचे बूटही सोबत ठेवा. वळवलेल्या रिकिबीत ते घालून बघेन आणि मगच परत पाठवेन.