गाडी चोरीला गेलेल्यांसाठी मौलिक मार्गदर्शन

सगळ्यात आधी, चोरावर चिडू नका. पहाटेच्या वेळी वॉचमनची झोप न मोडता हँडल लॉक तोडायचं आणि गाडी गेटबाहेर ढकलत न्यायची, याला अंगात कसब लागतं. त्याने त्याची ड्यूटी चोख केली. आता तुमची सुरू होते आणि ती जास्त कठीण आहे: गाडी चोरीला गेली, हे पोलीस ठाण्यात पटवून द्यायचं.

जाताना आरसी बुक, विम्याचे कागद, आधार कार्डाच्या झेरॉक्स, पाण्याची बाटली आणि दोन्ही किल्ल्या घ्या. एक किल्ली जरी कमी पडली तर पहिले संशयित तुम्हीच. ठाणे अंमलदार आधी विचारतील, "नीट शोधली का?" मग "टोइंगवाल्यांनी उचलली असेल", मग "पोराने नेली असेल", मग "हप्ते थकलेत का?" आणि शेवटी, "आजूबाजूला बघा, आठ दिवसांनी या." निमूट मान डोलवा. दखलपात्र गुन्ह्याची, म्हणजे कोर्टाची परवानगी न घेता पोलिसांना तपास करता येतो अशा गुन्ह्याची, माहिती मिळाली की एफआयआर नोंदवणं बंधनकारक आहे, असं सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने ललिता कुमारी खटल्यात 2013 सालीच सांगून ठेवलंय. पण हे तिथे उच्चारू नका. मी उच्चारलं. "वकील आहात का?" "नाही." "मग बसा." बाकावर आधीपासून एक आजी बसल्या होत्या. गळ्यातली पोत ओढून नेलेली, मानेवर लालभडक वळ, आणि साहेब बंदोबस्तावरून येईपर्यंत थांबायचा हुकूम.

गुन्हा चौकाच्या अलीकडे करणार की पलीकडे, हे चोराला आधीच विचारून ठेवा. हद्दीचा प्रश्न राहत नाही.

फावल्या वेळात कायदा वाचा. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम 173 प्रमाणे हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात फिर्याद देता येते, ऑनलाइनही देता येते (तीन दिवसांत जाऊन सही करायची), एफआयआरची प्रत फुकट मिळते. तपास कुठवर आला हे 90 दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, असंही याच संहितेत आहे. फार सुंदर कायदा आहे, वाचताना ऊर भरून येतो.

मोबाईल मारला असेल तर 'गहाळ' लिहायला सांगतील. लिहा. बसच्या गर्दीत ब्लेडने खिसा कापून नेला असला तरी तो गहाळच. गहाळ वस्तूला चोर नसतो. चोर नाही म्हणून गुन्हा नाही, गुन्हा नाही म्हणून तपास नाही, आणि वर्षअखेरच्या पत्रकार परिषदेत हद्दीतलं गुन्ह्यांचं प्रमाण घटलेलं. न सुटलेल्या गुन्ह्यांची संख्या कमी करायचा इतका बिनखर्चिक उपाय जगात दुसरा सापडायचा नाही.

सीसीटीव्ही फुटेज तुम्हीच गोळा करायचं. समोरच्या मेडिकलवाल्याच्या विनवण्या करा, सोसायटीच्या सेक्रेटरीचा पासवर्ड मिळवा, सगळं पेनड्राइव्हवर घालून नेऊन द्या. पेनड्राइव्हला तिथेच रामराम करा. पुढे कोर्टात असल्या पुराव्याला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चं प्रमाणपत्र लागतं आणि ते कुणी घेतलेलंच नसतं, ही चिंता आतापासून नको. कोर्टापर्यंत जातंय कोण?

पेपरात 'दुचाकी चोरणारी टोळी जेरबंद' असा फोटो आला, तर रांगेत आपली गाडी दिसते का बघून घ्या.

ती सापडली तरी हुरळून जाऊ नका. आता ती तुमची गाडी नाही, मुद्देमाल आहे. जप्त वाहनं ठाण्याच्या आवारात सडवत ठेवू नका, असं सुप्रीम कोर्टाने 2002 साली बजावलंय. जवळच्या ठाण्यामागे एक चक्कर मारा, वेलींनी गाड्या किती प्रेमाने कवटाळल्यात ते बघून या.

आणि गाडी कुठे असेल, पेट्रोल तरी असेल का, या काळजीने झुरू नका. वाहतूक शाखा तुम्हाला खुशाली कळवत राहील. गेल्या आठवड्यात मला मेसेज आला. ई-चलन, विनाहेल्मेट. लिंक उघडली तर माझीच गाडी! मागच्या मडगार्डवर लेकीने चिकटवलेलं पिवळं फुलपाखरू जसंच्या तसं, वर निळ्या चेक्सच्या शर्टातला एक पाठमोरा इसम, खाली चौकाचं नाव, तारीख, वेळ. नंबरप्लेटसुद्धा बदललेली नाही पठ्ठ्याने! कशाला बदलेल? प्लेटचा खर्च कोण करणार? मी उड्या मारत ठाण्यात गेलो. "हे ट्रॅफिकचं आहे, त्यांच्याकडे जा." त्यांच्याकडे गेलो. "गाडी चोरीची आहे ना? मग ठाण्यात जा. आणि दंड भरून टाका, नाहीतर कोर्टाची नोटीस येईल." अहो, नोटीस कोणाला? मला? यंत्राने नंबर वाचला, मालक शोधला, त्याचा मोबाईल शोधला, दंडाची पावती फाडली, माणसाचा हात न लागता. त्याच नंबरावर याच शहरात गुन्हा दाखल आहे, एवढं मात्र त्या यंत्राला कुणी शिकवलं नाही. 2009 साली सीसीटीएनएस नावाचा प्रकल्प मंजूर झाला, देशातली सगळी ठाणी एका जाळ्यात जोडायला. ठाणी जोडली गेली असतील, पण एकाच आयुक्तांच्या हाताखालची दोन टेबलं कोण जोडणार? दंडाचे पैसे दिसतात, चोर दिसत नाही! रोज त्याच चौकातून जात असेल तो. एक माणूस चार दिवस उभा केला असता तर फुलपाखरासकट गाडी हातात आली असती.

असो. शेवटची पायरी विम्याची. महाराष्ट्रात तपास बंद करताना पोलीस कोर्टाला समरी पाठवतात. 'अ' समरी म्हणजे गुन्हा खरा, पण आरोपी मिळाला नाही. 'ब' म्हणजे फिर्यादच खोटी. विमा कंपनी म्हणते, 'अ' समरीचा कागद आणा. मग ज्या साहेबांना महिनोन्‌महिने "चोर शोधा हो" म्हणून विनवत होतात, त्यांनाच जाऊन विनवायचं, "साहेब, चोर सापडला नाही एवढं तरी लिहून द्या." तेही लिहायला रायटरला, म्हणजे ठाण्यात लिखापढी करणाऱ्या हवालदाराला, वेळ नसतो.

नसतोच, कारण तपास करणाराच हवालदार गणपतीत बंदोबस्ताला, वारीत बंदोबस्ताला, मंत्र्याच्या ताफ्यापुढे उन्हात उभा, आणि रात्री पाळीवर. तपास आणि बंदोबस्त यांची माणसं वेगळी करा, असं प्रकाश सिंग खटल्यात सुप्रीम कोर्टाने 2006 साली सांगितलं. तेव्हा जन्मलेली पोरं आता भरतीला धावताहेत. हवालदाराला दोष देऊन भागायचं नाही. दोष तुमचा आहे, वरच्या खुर्चीतल्या साहेबांनो आणि मंत्र्यांनो. ठाण्यात नोंदी वाढल्या की तुम्ही पीआयला झापता, म्हणून तो नोंदी करत नाही. गहाळ, एनसी (अदखलपात्र म्हणून नुसती नोंद), आठ दिवसांनी या, हे सगळं तुमच्या त्या आढावा बैठकीतून खाली झिरपतं. आणि वर म्हणता, दुचाकी चोरी किरकोळ! 10 जुलै 2014 ला पुण्यात फरासखाना पोलीस ठाण्याच्या पार्किंगमध्ये स्फोट झाला, तो कशात? साताऱ्यातून चोरलेल्या दुचाकीत. आणि ती होती एका पोलिसाची. तुमच्याच माणसाची गाडी तुमच्याच दारात फुटली, तरी किरकोळ?

आणि आपण? आपणही गहाळवर मुकाट सही करून घरी येतो. करू नका सही. तोंडी बोलू नका, लेखी अर्ज द्या. घेत नसतील तर त्याच कलम 173 खाली पोस्टाने अधीक्षकांना, शहरात असाल तर उपायुक्तांना पाठवा. तिथेही हललं नाही तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज करता येतो. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि सही मागा. पोच मागितली की समोरच्याच्या चेहऱ्याचा नूर कसा पालटतो, ते एकदा बघाच.