वर नेलं त्यानेच खाली आणावं

फुरसुंगी माझं माहेर. ‘कचरा उचलला’ या शब्दांवर माझा विश्वास बसत नाही तो त्यामुळेच. पुण्यातून उचललेला कचरा वर्षानुवर्षं आमच्या शिवाराजवळ येऊन पडला. विहिरीतून पोहरा वर आला की पाण्यावर तपकिरी तवंग असायचा. आई काही न बोलता ते ओतून द्यायची, जनावरांनाही दाखवायची नाही.

२ एप्रिल २०२२, ऐन गुढीपाडव्याची संध्याकाळ. चंद्रपूर जिल्ह्यात, सिंदेवाहीजवळच्या लाडबोरीत आकाशातून धातूचं कडं पडलं, चांगलं दहा फूट व्यासाचं. चिनी रॉकेटच्या टप्प्याचं असावं, असं अभ्यासकांचं मत पडलं. अवकाशातल्या या कचऱ्याचे फोटो बघताना मला आमची विहीरच आठवली.

तरी खाली पडतो तो कचरा त्यातल्या त्यात बरा. खरा घोर वर कक्षेत फिरत राहतो त्याचा. चार-पाचशे किलोमीटरपर्यंत विरळ का होईना हवा असते, ती वस्तूला हळूहळू खाली ओढते. आठशेच्या वर तीच वस्तू शंभर वर्षंही घिरट्या घालते. २००७ मध्ये चीनने स्वतःचा जुना हवामान उपग्रह क्षेपणास्त्राने फोडला तो याच पट्ट्यात. माग ठेवता येतील असे तीन हजारांवर तुकडे झाले. २००९ मध्ये सायबेरियावर बंद पडलेला रशियन कॉसमॉस आणि चालू असलेला अमेरिकन इरिडियम हे उपग्रह एकमेकांवर आदळले. कक्षेत फिरण्याच्या प्रचंड वेगात सुपारीएवढा तुकडाही उपग्रहाचा निकाल लावतो. आपणही २०१९ मध्ये एक उपग्रह फोडला. तीनशे किलोमीटरच्या आसपास फोडला म्हणून बहुतेक तुकडे लवकर जळले, पण ते पुन्हा होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

असा कचरा जाळं टाकून पकडण्याची चाचणी २०१८ मध्ये झाली. २०२४ मध्ये एका जपानी कंपनीचं यान जुन्या रॉकेटच्या टप्प्यापासून १५ मीटरवर पोचलं. कौतुक आहेच. पण गरगर फिरणाऱ्या एकेका वस्तूमागे एकेक मोहीम किती काढणार? शिवाय १९६७ च्या आंतरराष्ट्रीय अवकाश करारानुसार निकामी तुकडाही ज्याचा त्याचाच राहतो, परवानगीशिवाय दुसऱ्याने हात लावायचा नाही. टाकणारा उचलत नाही आणि उचलणाऱ्याला हक्क नाही!

म्हणून मला मार्च २०२३ ची गोष्ट फार मोलाची वाटते. मेघा-ट्रॉपिक्स हा उपग्रह ८६७ किलोमीटरवर होता, तसाच सोडला असता तर शतकभर तिथेच राहिला असता. २०११ मध्ये पाठवताना त्याला असं उतरवायची सोय केलेली नव्हती. तरी इस्रोने उरलेलं सव्वाशे किलो इंधन वापरून त्याला टप्प्याटप्प्याने खाली आणलं आणि प्रशांत महासागरावर जाळलं. २०३० पर्यंत भारताच्या सगळ्या मोहिमा, सरकारी असोत की खासगी, कचरामुक्त करायचं इस्रोने जाहीर केलंय. ते नुसतं उद्दिष्ट राहू नये, परवान्यातली अट व्हावी. परतीची सोय दाखवा, मगच उपग्रह सोडा.

आपल्या पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी कॉलेजातल्या पोरांचा एक किलोचा ‘स्वयम्’ उपग्रह २०१६ मध्ये इस्रोच्या पीएसएलव्ही रॉकेटवरून गेला तेव्हा ऊर भरून आला होता. त्याची कक्षा पाचशे किलोमीटरच्या आसपास, म्हणजे त्याला खाली ओढायला तिथे विरळ हवा तरी होती. पुण्यातली पुढची पोरं आणखी वर जातील, जावंच त्यांनी. तिथे हवा मदतीला येणार नाही, तेव्हा पहिल्याच आराखड्यात परतीच्या इंधनाला जागा ठेवा, पोरांनो.