जमेची बाजू तेवढी लिहावी

दुसरी नोकरी धरण्याचा आपला निश्चय झाला असेल, तर सर्वप्रथम जमाखर्चाच्या वहीचे उजवे पान शिवून टाकावे. डावीकडे जमा आणि उजवीकडे नावे, म्हणजे खर्च, ही जुनी रीत दुकानदारांना शोभते; जोडकमाई करणाऱ्याचे मन तिने विनाकारण खट्टू होते.

समजा, आपण पुण्यात दिवसा कचेरीत बसता आणि रात्री साडेसात ते साडेअकरा स्कूटरवरून लोकांना जेवण पोहोचवता. चार तासांत ४५० रुपये मिळाले, की तेवढेच लिहून वही मिटावी. मिटली नाही, तर ६० किलोमीटरच्या धावपळीचे १४० रुपयांचे पेट्रोल, किलोमीटरमागे रुपया धरला तरी टायर, ऑइल आणि सर्व्हिसिंगचे ६० रुपये आणि हॉटेलच्या मागल्या दाराशी ऑर्डरची वाट पाहताना पोटात गेलेल्या चहा-वडापावचे ४० रुपये दिसू लागतात, उरलेल्या २१० रुपयांना चाराने भागण्याची दुर्बुद्धी होते, आणि तासाला साडेबावन्न रुपये हा आकडा रात्रभर छातीवर बसतो. आठवड्याचा इन्सेंटिव्ह दोन ऑर्डरींनी हुकला, तर तो नशिबाच्या खाती टाकावा. आपल्याच सोसायटीची ऑर्डर आली, तर हेल्मेट काढू नये.

१९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या ६० व्या कलमाने एका कारखान्यात राबलेल्या कामगाराला त्याच दिवशी दुसऱ्या कारखान्यात जुंपण्यास सहसा मनाई केली होती. स्कूटर हा कारखाना नव्हे, तेव्हा आपण निर्धास्त असावे.

उच्चशिक्षितांनी अर्थातच घरबसल्या दोन लॅपटॉप उघडून दोन कंपन्यांचे पगार घ्यावेत. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत प्रत्येकी ८ लाखांच्या दोन पगारांतून कोणतीच कंपनी एक पैसाही कापत नाही, कारण ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट आणि १२ लाखांपर्यंतची करसवलत दोघीही मोठ्या मनाने आपल्या पदरात घालतात. प्राप्तिकर खाते मात्र १६ लाखांची बेरीज करून उपकरासह १,१३,१०० रुपये आणि वर व्याज मागते. पॅन एकच, भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन हा खाते क्रमांकही एकच, त्यामुळे एका सासरची खबर दुसऱ्या सासरी पोहोचण्याचीही सोय झालेली असते. विप्रोने २०२२ मध्ये प्रतिस्पर्ध्यांकडेही काम करणाऱ्या ३०० जणांना नारळ दिला होता. नारळ मात्र डाव्या पानावर जमा करता येतो.

आमचे म्हणाल, तर आम्ही हे नियम काटेकोर पाळतो. संध्याकाळच्या शिकवण्यांमुळे आमच्या सौभाग्यवतींना स्वयंपाकाला वेळ नव्हता, म्हणून त्यांनी परवा बाहेरून जेवण मागवले, आणि योगायोगाने ती ऑर्डर आमच्याच वाट्याला आली. आम्ही हेल्मेट काढले नाही. कन्येने दार अर्धे उघडून ओटीपी सांगितला, पिशवी घेतली, ‘थँक्यू काका’ म्हणाली आणि पाच तारे दिले. ते डाव्या पानावर लिहिले आहेत.