हू शींचे ते वाक्य गौरवोद्गार नव्हे

‘एकही सैनिक सीमेपलीकडे न पाठवता भारताने वीस शतके चीनवर सांस्कृतिक वर्चस्व गाजवले,’ अशा आशयाचे एक वाक्य हू शी यांच्या नावावर गेली कित्येक वर्षे मराठी गटांमध्ये फिरत आहे. नावापुढे ‘अमेरिकेतील चीनचे माजी राजदूत’ एवढीच ओळख असते आणि खाली तात्पर्य जोडलेले असते, की चीनने स्वतःच भारताचे गुरुत्व मान्य केले आहे आणि झेन हा बौद्ध ध्यानपंथ म्हणजे तर आपलेच ध्यान. वाक्य कोणत्या ग्रंथातले, कोणत्या साली उच्चारलेले, हे संदेशात नसते. तरीही ते बनावट आहे असे मी म्हणत नाही, कारण भारताच्या दोन हजार वर्षांच्या वर्चस्वाची भाषा हू शींच्या लेखनात खरोखरच आहे. माझा आक्षेप त्यातून काढलेल्या अर्थांवर आहे.

पहिला अर्थ ‘चीनने मान्य केले’ हा. हू शी (१८९१–१९६२) राजदूत होते ते १९३८ ते १९४२ एवढाच काळ. ते मुळात चिनी विचारांच्या इतिहासाचे अभ्यासक होते. शेतकी शिकायला कॉर्नेलला गेलेला हा विद्यार्थी तत्त्वज्ञानाकडे वळला, कोलंबिया विद्यापीठात अमेरिकी तत्त्वज्ञ जॉन ड्युईंच्या हाताखाली त्याने प्राचीन चीनमधील तर्कपद्धतीवर प्रबंध लिहिला आणि १९१७ मध्ये पेकिंग विद्यापीठात तो प्राध्यापक झाला. सांस्कृतिक वर्चस्वाचे विधान हे या अभ्यासकाचे मत आहे, सरकारची कबुली नव्हे. उलट १९५४–५५ मध्ये चीनमध्ये त्यांच्या विचारांविरुद्ध मोठी मोहीमच चालवली गेली.

दुसरा अर्थ, म्हणजे हे कौतुक आहे असे मानणे, सर्वांत चुकीचा आहे. १९३६ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या त्रिशताब्दीनिमित्त हू शींनी ‘चीनचे भारतीयीकरण’ या विषयावर व्याख्यान दिले. त्यात त्यांनी बौद्ध धर्मामार्फत झालेल्या या प्रक्रियेचे चार टप्पे मांडले: घाऊक उचल, प्रतिकार आणि छळ, मग देशीकरण, आणि शेवटी आत्मसात करणे. प्रतिकार लहान नव्हता. एकट्या ८४५ सालच्या राजाज्ञेने ४,६०० हून अधिक बौद्ध विहार मोडले आणि २,६०,५०० भिक्षू-भिक्षुणींना पुन्हा गृहस्थ केले. तरीही भारतीय वळणाचा वैराग्यवाद नवकन्फ्यूशियस विचारात, म्हणजे कन्फ्यूशियसच्या शिकवणीच्या नंतरच्या नव्या मांडणीत, शिरून टिकलाच, असे हू शींचे म्हणणे होते आणि ते त्यांना चीनचे दुर्दैव वाटत होते. आधुनिक विज्ञान आणि नव्या सामाजिक शास्त्रांच्या बळावर भारताच्या या वर्चस्वातून चीनची लवकर सुटका होईल, अशी आशा व्यक्त करूनच ते व्याख्यान संपते. ज्याला आपण प्रशस्तिपत्र समजून पुढे पाठवतो, ती खरे तर एका अस्वस्थ माणसाची तक्रार आहे.

ही अस्वस्थता जुनी होती. भिक्षू आणि ताओपंथी पुरोहितांशी या घराचा संबंध नाही, अशा अर्थाची पाटी त्यांच्या घराच्या दारावर लावलेली असे. अकरा वर्षांच्या आसपास त्यांनी एका जुन्या इतिहासग्रंथात फान चन या पाचव्या-सहाव्या शतकातील विचारवंताचा युक्तिवाद वाचला, की पात्याला जशी धार तसे शरीराला मन, आणि पातेच नसेल तर धार कुठली? (आपल्याकडे चार्वाकाला हे ऐकून आनंद झाला असता.) त्या मोजक्या अक्षरांनी आपली देवभुतांवरची श्रद्धा उडाली, असे त्यांनी आत्मकथनात नोंदवले आहे.

झेनबद्दलचा दावा फक्त शब्दापुरता बरोबर आहे. ध्यान या शब्दापासून ‘चान’ आणि त्यापासून ‘झेन’ झाला, पण आशय तोच राहिला हे हू शींना मुळीच मान्य नव्हते. चान पंथाचा इतिहास लिहिताना पारंपरिक गुरुपरंपरेविषयी शंका येऊन त्यांचे काम अडले, तेव्हा १९२६ मध्ये त्यांनी पॅरिस आणि लंडन येथे ठेवलेली, वायव्य चीनमधील तुन्हुआंगच्या गुहांत सापडलेली हस्तलिखिते धुंडाळली आणि आठव्या शतकातील शन-ह्वे या भिक्षूची हरवलेली वचने शोधून १९३० मध्ये प्रसिद्ध केली. बैठकीतल्या क्रमाक्रमाच्या ध्यानावर टीका करून तत्क्षण बोधाचा पुरस्कार करणारा हा भिक्षूच दक्षिणी चान पंथाचा खरा शिल्पकार होता, आणि भारतातून अखंड चालत आलेली म्हणून सांगितली जाणारी गुरुपरंपरा नंतर रचलेली आहे, असा निष्कर्ष त्यांनी काढला. त्यांच्या लेखी चान हे भारतीय ध्यानाविरुद्धचे चिनी बंड होते. झेनचे जपानी भाष्यकार डी. टी. सुझुकी यांनी १९५३ मध्ये त्यांना उत्तर देताना हू शींना इतिहास कळतो पण झेन कळत नाही असा ठपका ठेवला; मात्र तो वाद झेन इतिहासाने कळते का, याविषयीचा होता. सुझुकींचा पक्ष घेतला तरी झेन ‘आपलेच’ ठरत नाही.

उरला सैनिक. भारतातून सैन्य गेले नाही हे खरेच आहे, पण त्यावरून भारताने काही ‘पाठवले’ असे चित्र उभे राहते, ते अर्धवट आहे. १४८ च्या सुमारास लोयांगला आलेला आन शिगाव हा बौद्ध ग्रंथांचा आद्य भाषांतरकार पार्थियाचा, म्हणजे प्राचीन इराणकडचा होता; पुढे फाहियान आणि ह्युएन त्संग ग्रंथ आणायला स्वतः इकडे आले. कुमारजीव या भाषांतरकार भिक्षूच्या कथेत तर सैन्यही आहे, फक्त ते चीनकडून निघालेले: ३८४ मध्ये उत्तर चीनमधील राज्याच्या फौजेने मध्य आशियातील कुचा नगर जिंकले, त्या भिक्षूला ताब्यात घेतले, आणि वर्षानुवर्षे अडकून पडल्यावर ४०१ मध्ये तो चांगआनला पोहोचला व तिथे सद्धर्मपुंडरीकासह अनेक सूत्रे चिनीत उतरवू लागला.