टी-रेक्सला गरगर फिरवणारी मगर आणि बिचारी सुसर

घरच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड भाचीने शाळेच्या तक्त्यावर जसाच्या तसा उतरवला, म्हणून हे लिहिणं आलं. मजकूर असा: ‘सहारात सापडलेली सार्कोसुकस ही 40 फुटी मगर टी-रेक्सला पाण्यात ओढून गरगर फिरवून मारायची. आपल्या नद्यांतली सुसर तिचीच वंशज, म्हणून नरभक्षक.’

टी-रेक्सचं आधी उरकू. सार्कोसुकस सुमारे 11 कोटी वर्षांपूर्वी आजच्या नायजरमध्ये होती. तिथल्या टेनेरे वाळवंटात तेव्हा नद्या वाहत होत्या. टी-रेक्स उत्तर अमेरिकेतला, जेमतेम 6.8 कोटी वर्षांपूर्वीचा. भेट कुठे घडवायची? गरगर फिरवण्याचंही तसंच. 2014 मध्ये कवटीच्या ताकदीचं गणित मांडलं गेलं, त्यात तिला तो पीळ झेपत नाही असंच निघालं.

40 फूट मात्र हवेतून आलेले नाहीत, हे कबूल. जीवाश्मतज्ज्ञ पॉल सेरेनो यांच्या चमूने 2001 मध्ये 11 ते 12 मीटर लांबी आणि 8 टन वजन मांडलं होतं. कवटी 1.6 मीटरची, आजच्या सुसरी आणि खाऱ्या पाण्यातल्या मगरींत डोक्याच्या मानाने अंग किती, त्यावरून हिशोब. गोम अशी की जबडाच लांबोडा असेल तर डोक्याच्या लांबीवरून काढलेला अंगाचा अंदाज फुगतो. 2019 मध्ये हेली ओब्रायन आणि सहकाऱ्यांनी डोक्याची रुंदी धरली, तर लांबी 9 ते 9.5 मीटरवर आली आणि वजन साधारण निम्म्यावर. तरीही अजस्रच. दात जाड, त्यामुळे काठावरचे डायनासोर तिने धरले असतील, तेवढं मान्य.

आता सुसर. सार्कोसुकस फोलिडोसॉर नावाच्या, मगरींच्या नात्यातल्या प्राचीन गटातली. ती फांदी वंशज न ठेवता संपली. दोघींच्या नाकाशी फुगवटा असतो, एवढ्यावर नातं जोडलेलं दिसतं. पण सार्कोसुकसचा कवटीच्या हाडातच आहे. सुसरीत तो फक्त वयात आलेल्या नराला, मऊ मांसाचा, मडक्यासारखा. हिंदीतलं ‘घडियाल’ त्या घड्यावरूनच. जबडा काठीसारखा बारीक, त्यात शंभरावर अणकुचीदार दात एकमेकांत बसणारे: पाण्यात आडवा फटकारून मासा पकडायचा, डोकं वर करून गिळायचा. मोठं जनावर फाडायला तो जबडा कुचकामी. मोठ्या सुसरीला जमिनीवर अंग उचलून चालताही येत नाही, पोटावर सरकते.

नामशेष होण्याच्या काठावर आहे ती. मासेमारीच्या जाळ्यात जबडा गुंतला की श्वासासाठी वर येता येत नाही, बुडून मरते. जाळं वाचवायला तिचा जबडाच तोडल्याचीही उदाहरणं आहेत.