पिकले केस काळे करण्याचा शास्त्रशुद्ध मार्ग

पिकलेले केस पुन्हा काळे होतात, हे आता शास्त्रानं सिद्ध केलंय. ही बातमी तुमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एव्हाना येऊन गेलीच असेल, खाली तेलाच्या बाटलीचा फोटो आणि 'आजच मागवा'सकट. तेव्हा कलपाचा ब्रश ठेवा बाजूला आणि शास्त्राच्या वाटेला लागा. वाट सोपी आहे. अट एकच: तुम्ही उंदीर असलं पाहिजे.

अट जाचक वाटेल, पण फायदे बघा. न्यूयॉर्क विद्यापीठात मायूमी इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या केसांच्या मुळाशी डोकावून पाहिलं आणि 2023 साली 'नेचर'मध्ये ते छापून आलं. केसाला रंग देणाऱ्या पेशी ज्या मूळपेशींपासून तयार होतात, त्या एका जागी बसून नसतात. खालच्या कप्प्यात उतरायचं, रंगाच्या कामाला लागायचं, परत वर जायचं, अशी त्यांची ये-जा चालू असते. केस गळून पुन्हा उगवण्याचे फेरे वाढत गेले की त्यातल्या बऱ्याचशा वरच अडकतात. पेशी जिवंत आहे, जागेवर आहे, काम मात्र पुढं सरकत नाही. थेट मंत्रालयातली फाइल. या अडकलेल्या पेशी पुन्हा हलवता आल्या तर केस काळे होतील, असं संशोधकांना वाटतं. माणसात त्या अजून कुणी हलवलेल्या नाहीत. बाटली मात्र बाजारात आलेली आहे.

हे समजायला त्या उंदरांचे केस पुन्हा पुन्हा उपटावे लागले. त्या उपटण्यानं अडकलेल्या पेशींचं प्रमाण 15 टक्क्यांवरून जवळजवळ निम्म्यावर गेलं. तेव्हा रोज सकाळी आरशासमोर चिमटा घेऊन उभे राहत असाल, तर चालू ठेवा. 'एक उपटला की दहा येतात' या आजीच्या म्हणण्यात तथ्य नाही. एकच येतो. तोही पांढरा.

आता ताण. हार्वर्डच्या या-चीह शू यांच्या प्रयोगशाळेनं 2020 साली दाखवलं, की ताण आला की त्वचेतल्या नसा नॉरॲड्रेनॅलिन सोडतात, त्यानं रंगाच्या मूळपेशी एकजात कामाला जुंपल्या जातात आणि पुढच्या केसांसाठी शिल्लकच उरत नाही. काही दिवसांत साठा साफ. उंदरांना ताण यावा म्हणून काय केलं होतं? मिरचीच्या जातकुळीतलं, पण कैक पटींनी जहाल रसायन टोचलं. शिवाय पिंजरा तिरका करून ठेवणं, अंथरूण ओलं करणं, वेळीअवेळी दिवे लावणं, सारखा पिंजरा बदलणं. मुंबईत भाड्यानं राहणाऱ्या माणसाला यातलं नवीन काय, हे विचारायला हार्वर्डला जायची गरज नव्हती. अकरा महिन्यांचा करार आहेच.

पण निराश होऊ नका, कारण पुढचा प्रयोग चक्क माणसांवर झालाय. कोलंबिया विद्यापीठात मार्टिन पिकार्ड यांच्या गटानं 14 जणांचे केस घेतले. एकेका केसाचे मिलिमीटरच्या विसाव्या भागाएवढे तुकडे डोळ्यांसमोर ठेवून, कोणत्या आठवड्यात रंग गेला आणि कोणत्या आठवड्यात आला, हे त्या माणसांच्या ताणाच्या नोंदींशी ताडून पाहिलं. 2021 साली प्रसिद्ध झालेलं हे काम खरोखर सुरेख आहे, इथं मी थट्टा करत नाही. त्यातल्या एकानं सुट्टी घेतली आणि सुट्टीच्या काळात त्याचे केस मुळापासून पुन्हा काळे उगवायला लागले.

किती केस? पाच.

हिशेब तुम्हीच मांडा. डोक्यावर साधारण लाखभर केस, त्यातले निम्मे पिकलेले, एका सुट्टीत पाच. साहेबांकडे अर्ज टाका: 'केस काळे करणे असल्याने दहा हजार सुट्ट्या मंजूर व्हाव्यात, ही विनंती.' साहेब तो अर्ज वाचतील, स्वतःच्या कानशिलांवरून हात फिरवतील आणि तुमच्या आधी स्वतःच महाबळेश्वर गाठतील. सत्तरीच्या माणसानं ताण सोडल्यानं त्याचे केस काळे होणार नाहीत, हेही पिकार्ड यांनी स्पष्ट सांगितलंय. ग्रुपवर तेवढंच वाक्य पोचत नाही.

गोळ्यांवर विश्वास असेल तर तीही सोय आहे. ब्रॅडफर्ड विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी 2009 साली दाखवलं, की पिकलेल्या केसांत हायड्रोजन पेरॉक्साइड साठतं आणि ते फोडणारं कॅटलेज नावाचं विकर कमी पडतं. लगेच कॅटलेजच्या गोळ्या आल्या. कॅटलेज हे प्रथिन. पोटात गेल्यावर त्याचं काय होतं, ते कुठल्याही डाळीला विचारा. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननं 2015 साली अशा गोळ्या विकणाऱ्यांवर, पुराव्याशिवाय दावे केल्याबद्दल कारवाई केली. गंमत म्हणजे रविवारी सकाळी बाथरूममध्ये जुना बनियन घालून, कपाळाला व्हॅसलीन फासून, वाटीत कलप कालवताना तुम्ही ज्या दुसऱ्या बाटलीतलं औषध ओतता, तेही पेरॉक्साइडच. आतून पांढरं करणारं तेच, बाहेरून काळं करायला लागतं तेही तेच. मग कानाच्या पाळीवरचा डाग घासत बसायचं. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणजे पुढच्या महिन्याच्या सत्यनारायणाला भांगातली पांढरी रेघ हजर.

खात्रीचं औषधही आहे बरं. 2002 साली फ्रान्समध्ये इमॅटिनिब घेणाऱ्या 133 रुग्णांपैकी 9 जणांचे पिकलेले केस पुन्हा काळे झाले. फक्त त्यासाठी आधी रक्ताचा कर्करोग लागतो.

एवढं सगळं करण्याआधी बी-12 आणि थायरॉइड तपासून घ्या, असं त्वचारोगतज्ज्ञ सांगतील. कमी वयात केस पिकण्याची ही त्यातल्या त्यात दुरुस्त होण्याजोगी कारणं, आणि शुद्ध शाकाहारी घरांत बी-12ची बोंब असतेच. पण हा सल्ला अजिबात पाळू नका. एका रक्ततपासणीत विषय संपला, तर लोकलमध्ये नखावर नख घासत बसणाऱ्या माणसांनी ठाण्यापर्यंत करायचं काय? माका, आवळा, जास्वंद, कांद्याचा रस घालून उकळलेलं ते काळंकुट्ट तेल कुणाच्या उशीला लावायचं?

आणि समजा, यातलं काहीच जमलं नाही, तर टोकियो आहे. टोकियो विद्यापीठात एमी निशिमुरा यांच्या गटानं 2025 साली दाखवलं, की डीएनए बिघडलेल्या रंग-मूळपेशी स्वतःच साठ्यातून बाहेर पडतात आणि केस पांढरा होतो. त्या न पडता तिथंच वाढत राहिल्या, तर मेलानोमा नावाच्या त्वचेच्या कर्करोगाची वाट मोकळी होते. हेही उंदरांतच. पण लग्नकार्यात वापरायला पुरेसं आहे. पंगतीत काकू म्हणतील, 'अगं बाई, चाळिशीतच किती पिकलं डोकं!' तेव्हा शांतपणे सांगा, 'काकू, बिघडलेल्या पेशींना शरीरानं घरी बसवलंय. टोकियोत सिद्ध झालंय.'

काकू जिलेबी पुढं सरकवत विचारतील, 'टोकियोला आपलं कोण असतं गं? येताना एक बाटली आणायला सांग की.'